हॉर्न दाबला की फ्यूज उडतो? बिघाड शोधण्याची पायरी-पायरीची पद्धत

हॉर्न मुका झाला म्हणून फ्यूज पाहावा, तो उडालेला असावा, नवा लावल्यावर हॉर्न वाजावा आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. या चक्रात अडकलेल्या गाड्या बऱ्याच असतात. गॅरेजमध्ये दाखवावी तर तिथे ती मुद्दाम नीट वाजते. मग कुणीतरी सल्ला देतं, "पंधराचा काढ, तीसचा टाक, कटकट नको."

तो सल्ला ऐकू नका. फ्यूज हॉर्नला जपण्यासाठी नसतो, वायरीला जपण्यासाठी असतो. १५ अँपिअरच्या जागी ३० चा बसवला की फ्यूज टिकतो आणि त्याच्याऐवजी वायर तापते. हॉर्नची वायर बहुतेक गाड्यांत हेडलाइट आणि पंख्याच्या वायरींबरोबर एकाच जुडग्यातून जाते, त्यामुळे वितळलं तर एकटं काही वितळत नाही. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणं हा याच रोगाचा आणखी वाईट प्रकार.

हे काम घरी, तुमच्या पार्किंगमध्ये होण्यासारखं आहे. इलेक्ट्रिकचं शिक्षण लागत नाही, पण क्रम पाळावा लागतो. सगळ्या शोधाची किल्ली एका प्रश्नात आहे: फ्यूज नेमका कधी उडतो? फ्यूज बसवताक्षणी, हॉर्न दाबताक्षणी, की बराच वेळ वाजवल्यावर? या उत्तरावरून अर्धी गाडी तपासायची वाचते.

लागणारं सामान

- गाडीचं ओनर्स मॅन्युअल (फ्यूजची जागा आणि अँपिअर त्यात असतात, शिवाय फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही छापलेलं असतं)
- योग्य अँपिअरचे चार-पाच फ्यूज. जुना फ्यूज दुकानात सोबत न्या, कारण पात्याच्या फ्यूजमध्ये साधा, मिनी, बुटका मिनी असे आकार असतात आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- १२ व्होल्ट २१ वॅटचा एक तारेचा बल्ब (ब्रेक लाइटला किंवा इंडिकेटरला लागतो तो), त्याचा होल्डर आणि दोन लांब वायरी. वायरींच्या टोकांना फ्यूजच्या खाचेत बसतील अशा चपट्या पिना लावून घ्या
- दोन्ही टोकांना पिन असलेला वायरीचा छोटा तुकडा
- दहाचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, बंपरच्या प्लॅस्टिक क्लिपा काढायचं साधन
- दुरुस्तीसाठी सोल्डरिंग आयर्न, उष्णतेने आकसणारी स्लीव्ह, कापडी टेप, पन्हळी प्लॅस्टिक पाइप

यातला बल्ब सगळ्यात महत्त्वाचा. मल्टिमीटरशिवाय एक वेळ चालेल, बल्बाशिवाय नाही.

१. उडालेला फ्यूज फेकू नका, वाचा

फ्यूज उजेडात धरून बघा. आतली पट्टी मधोमध बारीक तुटलेली आणि प्लॅस्टिक जवळपास स्वच्छ असेल तर करंट मर्यादेपेक्षा थोडा जास्त, पण बराच वेळ वाहत होता. म्हणजे भार जास्त. प्लॅस्टिक आतून काळवंडलं असेल, पट्टी उडून तिचे शिंतोडे बसले असतील, तर थेट शॉर्ट, म्हणजे करंटची वायर मध्येच गाडीच्या पत्र्याला टेकलेली. नेहमीच इतकं स्पष्ट दिसतं असं नाही, पण दिसलं तर मोठा धागा हाती लागतो.

रंगही तपासा. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. झाकणावर १५ लिहिलंय आणि आत लाल बसलाय, असं सेकंडहँड गाड्यांत सर्रास सापडतं. तसं असेल तर कदाचित बिघाड काहीच नाही, फ्यूजच चुकीचा आहे.

आणखी एक पाहून ठेवा: त्या फ्यूजवर हॉर्नशिवाय आणखी काय चालतं? काही गाड्यांत हॅझर्ड लाइट किंवा ब्रेक लाइट त्याच फ्यूजवर असतात. मग हॉर्नच्या मागे धावताना बिघाड डिकीजवळच्या ब्रेक लाइटच्या होल्डरमध्ये बसलेला असू शकतो.

२. करंटचा रस्ता डोक्यात पक्का करा

बहुतेक आधुनिक गाड्यांत रस्ता असा असतो: बॅटरी, फ्यूज, रिले, हॉर्न आणि शेवटी बॉडी अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला गाडीचा पत्रा). रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याला चार पाय असतात. ३० क्रमांकाच्या पायावर फ्यूजकडून करंट येतो, ८७ वरून हॉर्नकडे जातो. ८५ आणि ८६ या आतल्या कॉइलच्या दोन बाजू. कॉइलच्या एका बाजूला करंट कायम असतो, दुसरी बाजू स्टिअरिंगवरच्या बटणाला जाते. तुम्ही हॉर्न दाबता तेव्हा ती बाजू अर्थला टेकते, कॉइल आतला संपर्क ओढून मिटवते आणि हॉर्नला करंट मिळतो.

यातून एक गोष्ट निघते जी बऱ्याच जणांना पटत नाही. अशा गाडीत स्टिअरिंगकडून रिलेकडे येणारी वायर सोलली आणि बॉडीला टेकली, तर फ्यूज उडत नाही, हॉर्न अखंड वाजत राहतो. कारण बटणाचं कामच ती वायर अर्थला टेकवण्याचं आहे. त्यामुळे फ्यूज उडतोय म्हणून कुणी थेट स्टिअरिंग उघडायला निघालं तर त्याला थांबवा. एअरबॅग असलेल्या गाडीत हॉर्नचं बटण एअरबॅगच्या मॉड्यूलशी जोडलेलं असतं, तिथे हौशी माणसाने हात घालायचाच नाही.

रिले नसलेल्या जुन्या गाड्यांत मांडणी वेगळी असते, आणि काही नव्या गाड्यांत रिले फ्यूज बॉक्सच्या आतच पक्का बसवलेला असतो, बाहेर काढता येत नाही. शेवटच्या प्रकारात पुढची रिले काढायची पायरी सोडून द्या, बाकी पद्धत तीच.

३. फ्यूजच्या जागी बल्ब लावा

इथे खरा शोध सुरू होतो. इग्निशन बंद करा, उडालेला फ्यूज काढा आणि बल्बच्या दोन पिना त्या दोन खाचांत घाला. आता शॉर्ट असला तरी करंट बल्बातूनच जाणार, आणि २१ वॅटचा बल्ब जेमतेम पावणेदोन अँपिअर जाऊ देतो. वायर जळत नाही, दर वेळी नवा फ्यूज वाया जात नाही, आणि शॉर्ट आहे तोवर बल्ब पेटून राहतो. वायरी इतक्या लांब ठेवा की बल्ब ड्रायव्हरच्या सीटवरून काचेतून दिसेल. बल्ब चांगलाच तापतो, त्याला प्लॅस्टिकवर किंवा सीटवर टेकवू नका.

हॉर्न काही गाड्यांत चावीशिवायही वाजतो, काहींत इग्निशन चालू लागतं. तुमच्या गाडीप्रमाणे चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका.

आता बटण न दाबता बल्बाकडे पाहा.

*बल्ब लख्ख पेटला:* शॉर्ट कायम करंट असलेल्या भागात आहे. रिले उपटा. तरीही पेटलेलाच राहिला तर फ्यूज ते रिले ही वायर, रिलेची बैठक, किंवा त्याच फ्यूजवरची दुसरी एखादी जोडणी. रिलेच्या बैठकीत पाणी शिरून हिरवट गंज चढलेला दिसला तर तो आधी साफ करा. रिले काढल्यावर बल्ब विझला तर रिलेचे संपर्क आतून चिकटलेत किंवा रिलेच बिघडलाय. चार पायांची तीच मांडणी असलेला दुसरा रिले लावून खात्री करा.

*बल्ब विझलेला आहे किंवा अगदी मंद आहे:* हा भाग ठीक. पुढे चला.

४. हॉर्नचे कनेक्टर काढा, मग बटण दाबा

हॉर्न साधारणपणे पुढच्या ग्रिलमागे किंवा बंपरच्या आत असतात. दोन असतील तर दोन्हींचे कनेक्टर काढा. ही पायरी गाळू नका. हॉर्नच्या कॉइलचा रोध इतका कमी असतो की चांगला हॉर्न जोडलेला असतानाही बटण दाबल्यावर बल्ब पेटतो, आणि नवखा माणूस म्हणतो, "सापडला शॉर्ट!" मल्टिमीटरचं तसंच. कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप करणाऱ्या खुणेवर) ठेवून हॉर्नच्या वायरीला आणि बॉडीला टोकं लावली की हॉर्न जोडलेला असेपर्यंत तो बीप करणारच. तो बीप कॉइलचा असतो. याच एका गैरसमजापायी सगळी चांगली वायर सोलून ठेवलेली मी पाहिली आहे.

कनेक्टर सुटे आहेत, आता बटण दाबा.

बल्ब पेटला नाही आणि रिलेचा टिक असा आवाज आला, तर वायरिंग निदान या क्षणी तरी ठीक आहे. संशय हॉर्नवर जातो, पायरी ६ बघा.

बल्ब पेटला, किंवा लुकलुकतोय आणि रिले टरटर वाजतोय, तर रिले ते हॉर्न ही वायर बॉडीला टेकली आहे. टरटर का? शॉर्टमुळे सगळं व्होल्टेज बल्बावर पडतं, रिलेच्या कॉइलला काही उरत नाही, तो सुटतो. सुटला की शॉर्टचा रस्ता तुटतो, कॉइलला पुन्हा व्होल्टेज मिळतं, तो पुन्हा ओढला जातो. हे सेकंदात अनेकदा घडतं. रिले खराब झालाय असं वाटून लोक नवा आणतात, तोही तसाच टरटरतो.

५. वायर हलवून जागा शोधा

रिले काढा. बैठकीतल्या ३० आणि ८७ च्या खाचा वायरीच्या तुकड्याने जोडा. क्रमांक बैठकीवर नसले तरी रिलेच्या अंगावर पायांचा नकाशा छापलेला असतो, तो बैठकीवर उलटा धरून समजून घ्या. बल्ब फ्यूजच्या जागी असल्यामुळेच हे जोडणं सुरक्षित आहे. खरा फ्यूज लावून किंवा फ्यूज टाळून हे करायचं नाही.

आता बल्ब स्थिर पेटेल, आणि बटण दाबायला दुसरा माणूस लागणार नाही. फ्यूज बॉक्सपासून हॉर्नकडे वायरीवर हात फिरवत जा. एका वेळी वीतभर भाग धरा, वाकवा, पत्र्यापासून दूर ओढा. जिथे ओढल्यावर बल्ब मंद झाला किंवा विझला, तीच जागा.

शॉर्ट येऊन-जाऊन असेल तर उलट बघायचं: बल्ब विझलेला असताना वायर हलवा, बॉनेट आपटून बंद करा, बंपरवर हात दाबा, आणि बल्ब कधी चमकतो ते पाहा. खड्ड्यात गाडी आपटल्यावरच फ्यूज उडतो अशी तक्रार असेल तर हीच परीक्षा कामाची.

माझ्या अनुभवात वायर सोलण्याच्या जागा ठरलेल्या असतात. रेडिएटरला धरणाऱ्या आडव्या पत्र्याची धारदार कड, बॉनेटचं लॉक आणि त्याची हलती पट्टी, हेडलाइटमागचा कोपरा, आणि हॉर्नच्या पट्टीचा स्वतःचा बोल्ट. पुढून ठोकर लागून बंपर बदललेल्या गाडीत तर आधी बंपरचे बोल्ट बघावेत, तिथे वायर चेपून बसवलेली असते. उंदीर हा वेगळा विभाग. पावसाळ्यात उबेसाठी ते इंजिनजवळ येतात, आणि त्यांनी कुरतडलेली वायर एकाच जागी कधीच नसते. एक सापडली म्हणून थांबू नका, पूर्ण जुडगं तपासा.

बाहेरून बसवलेल्या वस्तूंकडे मात्र विशेष संशयाने बघा. फॉग लॅम्प, डॅशकॅम, रिमोटच्या सेंट्रल लॉकिंगचा भोंगा, काहीही असो, दुकानात वेळ वाचवण्यासाठी जवळच्या वायरीला चिमटा मारून करंट घेतला जातो आणि ती जवळची वायर अनेकदा हॉर्नची असते. पिळून टेप गुंडाळलेला जोड दिसला की तिथूनच सुरुवात करा.

६. हॉर्न स्वतः तपासा

वायरिंग निर्दोष ठरलं तर हॉर्न सोडवून बाहेर काढा आणि बॅटरीला थेट जोडा, पण मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज घालूनच. आधी बॅटरीकडची टोकं घट्ट बसवा, हॉर्नकडची जोडणी शेवटी आणि बॅटरीपासून लांब करा, म्हणजे ठिणगी बॅटरीजवळ उडणार नाही. कानाची काळजी घ्या, बंद पार्किंगमध्ये हा आवाज फार होतो.

चांगला हॉर्न खणखणीत वाजतो. बिघडलेला एकदा "टुक" करतो आणि गप्प बसतो. या टुकमध्येच तुमचा उडणारा फ्यूज असू शकतो. हॉर्नच्या आत पडदा हलताना एक संपर्क सतत उघडतो आणि मिटतो, त्यामुळे करंट तुटक वाहतो. कंपनीच्या साध्या चकतीच्या हॉर्नला तो तीन ते पाच अँपिअरच्या आसपास भरतो. गंजाने पडदा जाम झाला की संपर्क मिटलेलाच राहतो, करंट अखंड वाहतो, कितीतरी वाढतो. मागे एक छोटा स्क्रू असतो, तो पाव-पाव फेरा फिरवून कधीकधी हॉर्न जागा होतो. पण आत चिखलपाणी गेलेला हॉर्न असा दुरुस्त करून बसवण्यापेक्षा बदललेला बरा. कोकणात, किनाऱ्याजवळ हे लवकर होतं.

दोन पिनांच्या हॉर्नची आणखी एक परीक्षा: कनेक्टर काढलेला असताना प्रत्येक पिन आणि हॉर्नचं धातूचं अंग यांच्यात मल्टिमीटर लावा. जोड दिसायला नको. दिसला तर आतलं इन्सुलेशन गेलंय, आणि हॉर्न बोल्टने बॉडीला घट्ट केल्याबरोबर शॉर्ट तयार होतो. हातात धरून वाजवला तर छान वाजतो, गाडीला बसवला की फ्यूज जातो, तो प्रकार हाच. एका पिनेच्या हॉर्नला ही परीक्षा लागू नाही, त्याचं अंगच अर्थ असतं.

७. बराच वेळ वाजवल्यावर उडत असेल तर

हा शॉर्ट नाही, भाराचा प्रश्न आहे. कंपनीच्या एका हॉर्नच्या जागी बाजारातली शंखाच्या आकाराची जोडी बसवली आणि वायरिंग तेच ठेवलं, की करंट दुप्पट-अडीचपट होतो. इथे उपाय मोठा फ्यूज नाही, वेगळी रिले वायरिंग. बॅटरीपासून जाड वायर (अडीच चौरस मिलिमीटरची पुरते), बॅटरीच्या अगदी जवळ तिचा स्वतंत्र फ्यूज, मग रिले, मग हॉर्न. गाडीची जुनी हॉर्नची वायर फक्त या नव्या रिलेची कॉइल चालवते. तयार किट मिळतात, त्यातली वायर किती जाड आहे ते आधी सोलून बघा. बाहेरून जाड दिसणाऱ्या वायरीत कधीकधी नुसतं प्लॅस्टिकच जाड असतं.

करंट मोजायचा असेल तर मल्टिमीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या खाचेत लावून फ्यूजच्या जागी जोडतात, आणि हॉर्न फक्त क्षणभर वाजवतात. शंखाच्या जोडीचा करंट त्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो, तेव्हा ती एकेक करून मोजा. मोजून झाल्यावर प्रोब लगेच मूळ खाचेत परत लावा. तो तिथेच राहिला आणि तुम्ही बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलात तर मीटरच शॉर्ट होतो. क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी मोजतो का ते पाहा, स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात.

नवे हॉर्न घेताना एवढं लक्षात असू द्या की केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११९ नुसार वेगवेगळे सूर काढणारे आणि कर्कश हॉर्न बसवायला मनाई आहे.

८. दुरुस्ती आणि शेवटची तपासणी

आता बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. (रेडिओचा कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा.) सोललेला भाग कापा, स्लीव्ह आधी वायरीत ओवून घ्या, जोड सोल्डर करा, स्लीव्ह गरम करून आकसवा. ओवायला विसरलात तर जोड पुन्हा उकलावा लागतो. नुसती काळी टेप इंजिनच्या उष्णतेत सुटते, तिचा चिकट रस वाहतो आणि त्यावर धूळ बसते. वरून पन्हळी पाइप घाला आणि ज्या धारेने वायर सोलली तिच्यापासून ती दूर बांधा. पंख्याच्या पात्यापासूनही दूर. शंखाच्या हॉर्नचं तोंड खाली ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात तो पाण्याचा पेला होतो.

पायरी ५ मधला वायरीचा तुकडा काढून रिले परत बसवा आणि बॅटरी जोडा. फ्यूज लगेच लावू नका, आधी बल्बच लावून पायरी ३ आणि ४ पुन्हा करा. बल्ब विझलेला राहिला तरच हॉर्नचे कनेक्टर जोडून ठरलेल्या अँपिअरचा फ्यूज बसवा. मग हॉर्न वाजवून बघा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून वाजवा, बॉनेट बंद करून वाजवा, आणि ग्रिलवर पाणी मारून पुन्हा वाजवा.

एवढं करूनही फ्यूज गेला तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, पण "हॉर्न चालत नाही" एवढंच सांगून गाडी सोडू नका. फ्यूज कधी उडतो, कनेक्टर काढल्यावर बल्बाने काय दाखवलं, कोणता हॉर्न थेट बॅटरीवर वाजला, हे एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्या, आणि गाडीत बाहेरून काय काय बसवलंय तेही लिहा.